शोभेचे खिसे

३ जून

प्रिय वहिनी,

आधी बसून घे. उभ्याने वाचलंस आणि हातातून एखादा पेला सुटला, तर तो माझ्या नावावर नको.

तुमच्या दुकानाच्या नव्या गणवेशाचं काम मला मिळालं आहे. हो, तुमच्याच. ज्या पाच मजली दुकानात तू काचसामानाच्या काउंटरमागे दिवसभर उभी असतेस, त्याच दुकानाचं. त्यांनी बऱ्याच डिझायनरांना बोलावलं होतं. बाकीचे लॅपटॉप उघडून बसले, मी कापडाचा तागा नेला आणि त्यांच्या टेबलावर उलगडला. हे काम नीट पार पडलं तर त्यांच्या सगळ्या शहरांतल्या दुकानांचे गणवेश माझ्याकडे येतील. मग मी या खोलीतून एकदाची बाहेर पडेन. खाली सायकल दुरुस्तीचं दुकान आहे, ग्रीसचा वास कापडाला लागू नये म्हणून मी खिडकीच उघडत नाही, आणि उन्हाळ्यात कटिंगच्या टेबलाशी उभं राहिलं की माझंच कापड पिळून काढावं लागतं.

आजवर मी केलेले कपडे एका संध्याकाळी मंचावरून चालून येतात, फोटो निघतात, आणि मग ते कुणाच्या तरी कपाटात लटकून राहतात. रोज अंगावर चढेल, धुतला जाईल, इस्त्री होईल असं माझं हे पहिलंच काम. आणि तेही तुझ्या अंगावर. मला फार आनंद झालाय.

चित्र सोबत पाठवतेय. गडद हिरवा रंग, बंद गळा, कोपराखाली येणाऱ्या बाह्या, आणि खांद्यापासून पोटरीपर्यंत एकच सरळ रेषा. पट्टा नाही, चुण्या नाहीत, खिसे नाहीत. नजर कुठेच अडत नाही.

फोन करणार होते. पण फोनवर तू नुसतं 'हो का, छान' म्हणतेस आणि मनातलं नंतर पत्रात लिहितेस. म्हणून म्हटलं, आपणही सरळ पत्रच लिहावं.

तुझी टाचणी

१२ जून

टाचणीबाईंना काचसामान विभागाचा सलाम.

पेला सुटला नाही, पण मी इतक्या जोरात हसले की पडदेवालीला वाटलं काहीतरी फुटलं. पडदेवाली म्हणजे आमच्याच मजल्यावर पडदे मापून शिवून देणारी, माझी डबा खायची सोबतीण. तिलाही चित्र दाखवलं. मी या घरात आले तेव्हा तू माझ्या नव्या उशीचा अभ्रा कापून बाहुलीला झगा केला होतास, आणि ओरडायला आलेल्या मलाच सांगितलंस की वहिनी, तो उशीवर चांगला दिसत नव्हता. ही पोरगी कुणाचं ऐकायची नाही हे मी तेव्हाच ओळखलं होतं. तुझा दादा तर चित्राची घडी करून खिशात घेऊन हिंडतोय आणि दिसेल त्याला दाखवतोय.

खिशावरून आठवलं. मी चष्मा कुठे ठेवू?

पेल्यांच्या तळाला किमतीची चिठ्ठी असते, तिच्यावरचे आकडे मुंगीएवढे. गिऱ्हाईक आलं की चष्मा लाव, गेलं की काढ, दिवसभर हेच चालतं. आत्ताच्या राखाडी एप्रनला दोन खिसे आहेत. एकात चष्मा, रुमाल आणि घसा बसला तर चघळायची गोळी. दुसऱ्यात पेन, चिकटपट्टी आणि लॉकरची किल्ली. तुझ्या दादाच्या पँटला चार खिसे, शर्टाला एक, आणि तरी रोज सकाळी किल्ली कुठे आहे ते तो मला विचारतो. मला दोनच पुरतात. तेवढे ठेव म्हणजे झालं.

वहिनी

२० जून

वहिनी,

तू रेषेकडे बघितलंसच नाहीस. घराचं चित्र दाखवावं आणि समोरच्याने केरसुणी कुठे ठेवणार ते विचारावं, तसं झालं हे.

खिसा दिला की तो भरतो, भरला की लोंबतो, आणि महिन्याभरात माझ्या ड्रेसच्या दोन्ही बाजूंना दोन गाठोडी दिसायला लागतात. मी हे हजारदा बघितलंय. खिसे नकोत हे माझंच मत आहे, तेव्हा तुमच्या मॅनेजरवर उगाच तोंडसुख घेऊ नकोस. उलट मला तो भला माणूस वाटला. तो म्हणाला की बायकांची सोय आम्ही आधीच बघून ठेवली आहे, प्रत्येकीला गळ्यात अडकवायची एक पिशवी देणार आहोत, प्लास्टिकची, आरपार दिसणारी. हिरव्यावर ती वाईट दिसणार नाही, मी विचार केला. तुझा चष्मा तिच्यात आरामात मावेल.

एकदा अंगात घाल, मग बोल.

टाचणी

७ जुलै

टाचणी,

रागावले होते म्हणून इतके दिवस लिहिलं नाही. आता लिहितेय म्हणजे राग गेला असं समजू नकोस.

आरपार दिसणारी पिशवी. आपण काय लिहितोय ते तुला कळलं तरी का? पडदेवालीला फिट येतात. गोळ्या तिला सतत जवळ लागतात, आणि ही गोष्ट दुकानात माझ्याशिवाय कुणाला माहीत नाही. त्या गोळ्या आता तिने गळ्यात लटकवायच्या आणि गिऱ्हाइकाला पडदे दाखवायचे. महिन्यातल्या त्या दिवसांत आम्ही काय काय गळ्यात लटकवायचं ते मी सांगायला नको. तूही बाईच आहेस.

आणखी एक गोष्ट मी तुला सांगितली नव्हती, दादालाही नाही. मार्चमध्ये आमच्या मजल्यावरून चांदीच्या चमच्यांचा डबा नाहीसा झाला. मॅनेजरने भर दुपारी, दुकानात गिऱ्हाइकं असताना, आम्हा बायकांना रांगेत उभं केलं आणि खिसे उलटे करायला लावले. माझ्या खिशातून रुमाल खाली पडला. मी उचलायला वाकले तर म्हणाला, हात लावू नका. नेहमी माझ्याकडून बरण्या नेणारी एक बाई समोर उभी होती, तिने मान वळवली. डबा दुसऱ्या दिवशी गोदामात सापडला, तो तिथून वर आलाच नव्हता. माफी कुणी मागितली नाही. पुरुषांचे खिसे त्या दिवशीही कुणी बघितले नव्हते, आणि नव्या गणवेशातही त्यांच्या कोटाला सगळे खिसे आहेत. ते मी सूचनाफलकावर स्वतः वाचलं.

तुझी रेषा तुझ्याच डोक्यातून निघाली असेल. पण त्यांना ती इतकी का आवडली ते आता कळलं का?

मी हा ड्रेस घालणार नाही. तसं मॅनेजरला तोंडावर सांगितलंय. तो म्हणाला, जिला घालायचा नाही तिने उद्यापासून यायचं नाही. निदान ड्रेस येईपर्यंत तरी थांबा, असं मी त्याला म्हटलं.

वहिनी

१२ जुलै

वहिनी,

तुमचा मॅनेजर गणवेशाच्या बैठकीसाठी इथल्या मुख्य कार्यालयात आला होता. मी त्याला तिथेच गाठलं.

तुझं नाव काढलं नाही. नुसतं म्हटलं, मला खिसे द्यायचे आहेत. तो हसला आणि म्हणाला, तुम्हालाच तर नको होते. मी रेटलं तसं त्याचं हसणं थांबलं. खिसा असला की संशय येतो, संशय आला की तपासावं लागतं, खिसाच नसला तर कुणाचा अपमान व्हायचा प्रश्नच येत नाही, आम्ही त्यांच्याच भल्याचं बघतोय, असं त्याचं म्हणणं. हे तो इतक्या गोड आवाजात बोलला की माझं टाळकंच सरकलं. शेवटी म्हणाला, तुम्हाला जमत नसेल तर दुसरे डिझायनर बाहेर बसलेच आहेत.

काम त्याच्या तोंडावर फेकून निघावं असं मनात आलं. पण मग दुसरा कुणीतरी बिनखिशाचा ड्रेस करणार. मला बरं वाटेल आणि तुझा चष्मा गळ्यातच लटकेल. म्हणून मी गप्प बसले आणि बैठक संपेपर्यंत त्याच्या कोटाकडे बघत राहिले. माझं गप्प बसणं तुला माहीत आहे.

आता एक काम कर. कागदावर तुझा उजवा हात ठेव, बोटं मिटून, खिशात घालताना असतो तसा. भोवती पेन्सिल फिरव आणि तो कागद मला पाठव. जमलं तर बाकीच्या बायकांचेही पाठव. कशाला ते विचारू नकोस. आणि नोकरी सोडू नकोस, एवढं ऐक.

टाचणी

२१ जुलै

टाचणी,

सोबत हातांचा गठ्ठा आहे. पेले गुंडाळायच्या तपकिरी कागदावर काढलेत, सुरकुत्या पडल्या असतील. जाड बोटांचा आहे तो गालिच्यांच्या विभागातल्या ताईंचा, गालिचे उचलून उचलून तसा झालाय. अंगठ्यापाशी रेघ तुटलीय तो पडदेवालीचा, शिवताना बोटात घालायचं टोपण तिने काढलंच नाही. प्रत्येकीने आपला हात बघून नाक मुरडलं आणि दुसरीचा बघून हसली. जेवणाची सुट्टी त्यातच गेली.

तू ताकाला तूर लागू देत नाहीस. गप्प बसलीस तेही मला आवडलं नाही. तुझा दादा म्हणतो, तिच्या धंद्याचा प्रश्न आहे, उगाच तिच्या पोटावर पाय आणू नकोस. मी म्हटलं, तिचा पाय माझ्या हातावर आहे त्याचं काय?

वहिनी

३० ऑगस्ट

वहिनी,

ड्रेस आज रवाना झाले. ऑगस्टभर मी आणि माझ्या दोन्ही शिलाईवाल्या मान वर न करता शिवत होतो.

दोन्ही बाजूंच्या शिवणीत मी खिशांची तोंडं दिली आहेत. शिवून बंद आहेत. नमुना बघताना मॅनेजरच्या कपाळाला आठी पडली, तेव्हा मीच त्याला म्हटलं की बोट घालून बघा. त्याने बोट घातलं, ओढून बघितलं आणि खूश झाला. म्हणाला, दिसायला खिसा आणि असायला नाही, झकास.

याहून जास्त आत्ता लिहीत नाही. माल मिळाल्याची सही अजून व्हायची आहे.

टाचणी

८ सप्टेंबर

ड्रेस आले. आम्हाला घरी न्यायला दिलेत, सोमवारपासून घालायचे आहेत.

शिवून बंद आहेत असं तू लिहिलं होतंस, तरी मला खरं वाटलं नव्हतं. मी आरशासमोर उभी राहून खिशात हात घालायला गेले आणि हात नुसता खाली घसरला. मला वाटलं माझंच चुकलं, म्हणून पुन्हा घातला. खिसाच दिला नसतास तर मी समजून घेतलं असतं, तुझ्यापुढेही पोटाचा प्रश्न आहे. पण माझा हात कागदावर मागून घेतलास आणि त्याच हाताला बाहेर उभं केलंस. आता गिऱ्हाइकांना वाटेल की यांना सगळं दिलंय. मॅनेजरने निदान तोंडावर नाही म्हटलं होतं.

बायका मला विचारतायत की आपल्या हातांचं काय झालं. मी काय सांगू?

सोमवारी मी माझा राखाडी एप्रन घालून जाणार आहे. नोकरी गेली तर गेली. पत्र लिहू नकोस.

वहिनी

११ सप्टेंबर

प्रिय वहिनी,

लिहू नकोस म्हणालीस. पण मी कुणाचं ऐकायची नाही हे तूच ओळखलं होतंस.

चष्मा लाव आणि ड्रेस उजेडात धर. खिशाच्या तोंडावर हिरवा दोरा दिसेल, कापडाच्याच रंगाचा, लांब लांब टाक्यांचा. एका टोकाला गाठ आहे. ती काप आणि दुसरं टोक ओढ.

ओढलंस? आता हात घाल.

आमच्या धंद्यात चांगल्या कोटाचे खिसे असेच कच्च्या टाक्याने बंद करून देतात. दुकानात लटकताना, लोक हात घालून बघताना, त्यांचा आकार बिघडू नये म्हणून. गिऱ्हाइकाने घरी नेऊन दोरा उसवायचा असतो. पण किती जणांना हे ठाऊकच नसतं. ते वर्षानुवर्षं तो कोट वापरतात आणि याचे खिसे शोभेचे आहेत असं सांगत फिरतात. तुमच्या मॅनेजरच्या कोटाचे खालचे दोन्ही खिसे अजून तसेच शिवलेले आहेत. बिचारा सगळं वरच्या नि आतल्या खिशात कोंबतो. त्या बैठकीत मी त्याच्या कोटाकडे बघत बसले होते, ते याचसाठी.

आतली पिशवी अस्तराच्या आड आहे आणि ती तुझ्या हाताबरहुकूम कापली आहे. ताईंची ताईंच्या, पडदेवालीची पडदेवालीच्या. म्हणून तर प्रत्येकीचा ड्रेस नावानिशी पाठवला. आणि रेषा बघ. खिशात चष्मा घातला तरी ती मोडत नाही. खिसा लोंबतो तो आळसाने कापला तर, हे मला या ऑगस्टमध्ये कळलं. जूनमध्ये मी आळशी होते.

तुला आधी सांगितलं नाही, कारण तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही, आणि मॅनेजरने विचारलं असतं तर तुला खोटं बोलावं लागलं असतं. मीही खोटं बोललेले नाही. शिवून बंद आहेत म्हणाले, आणि ते होते. काल सही झाली. सोमवारी काय करायचं ते तुम्ही ठरवा. कुणी विचारलं तर माझं नाव खुशाल सांग.

टाचणी

१९ सप्टेंबर

माझी गुणाची टाचणी,

तुझं पत्र हातात आलं तेव्हा मी एप्रनला इस्त्री करत होते. हात आत गेला आणि मी पलंगावर बसून रडले. तुझा दादा घाबरला, त्याला वाटलं तुझं काही बरंवाईट झालं. मग त्यानेही हात घालून बघितला आणि म्हणाला, माझ्या पँटचे खिसे असे का नसतात?

दोरे आम्ही घरी काढले नाहीत. माझा मी पुन्हा घातला. सोमवारी दुकान उघडायच्या आधी मॅनेजरने नेहमीसारखं रांगेत उभं केलं, वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाला की आता कसं शिस्तीत दिसतंय. तेवढ्यात पडदेवालीने गाठ कापली आणि दोरा ओढला. मग ताईंनी, मग मी, मग सगळ्यांनी. जमिनीवर हिरव्या दोऱ्यांचा सडा पडला. आम्ही हात खिशात घातले आणि उभ्या राहिलो, मार्चमध्ये जिथे उभं केलं होतं तिथेच.

तो लालबुंद झाला. हा चावटपणा कुणाचा, असं त्याने विचारलं. मी पुढे झाले.

"माझ्या नणंदेचा," मी म्हटलं. "आणि माझा."

सांगताना इतकी ताठ उभी होते की माझी मलाच उंच वाटले. दारं उघडायची वेळ झाली म्हणून तेव्हा तो गेला. दुपारी फलकावर सूचना लागली की २९ तारखेच्या सोमवारी पडदेवाली मशीनवर सगळ्यांचे खिसे पक्के शिवून टाकेल, आणि जी ड्रेस देणार नाही तिने घरी बसावं. बरोबर आरपार पिशव्यांचा खोकाही आलाय.

तुला त्रास होईल का गं? मला एवढीच धास्ती आहे.

वहिनी

२३ सप्टेंबर

वहिनी,

झाला. बाकीच्या दुकानांचं काम गेलं. त्यांनी लिहिलंय की माणसं पाठवून खिसे बंद करून द्या, नाहीतर या धंद्यात तुम्हाला कुणी दारात उभं करणार नाही. मी उत्तर पाठवलं की मी खिसे उघडे करून देते, बंद करायचं काम माझ्याकडे होत नाही.

वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू, एक दिवस नुसती बसून होते. मग उठून खिडकी सताड उघडली. ग्रीसचा वास येतोय तर येऊ दे, हवाही येते.

तू मागे हटू नकोस. सोमवारचं सविस्तर लिही.

टाचणी

३० सप्टेंबर

प्रिय टाचणी,

दुकानातूनच लिहितेय, जेवणाच्या सुट्टीत.

काल मॅनेजरने शिलाईचं मशीन मजल्याच्या मधोमध आणून ठेवलं आणि बायकांबरोबर पुरुषांनाही बोलावलं, आम्हाला अद्दल घडलेली सगळ्यांनी बघावी म्हणून. पडदेवाली स्टुलावर बसली. मला भीती वाटली की तिला आत्ताच फिट येते. तिने सावकाश दोरा ओवला आणि वर बघितलं.

"शिवते," ती म्हणाली. "दुकानाचा नियम आहे, तर सगळ्यांचे शिवते. आधी तुमचा कोट द्या."

तो म्हणाला की हे त्याच्यासाठी नाही. तिने विचारलं, का? पुरुषांमधून गालिच्यांच्या विभागातला एक जण पुढे आला, त्याने आपला कोट काढून मशीनवर ठेवला आणि आमच्या रांगेत येऊन उभा राहिला. त्याच्यामागे आणखी एक आला. आता सगळे मॅनेजरच्या कोटाकडे बघायला लागले. त्याचा हात नकळत छातीवरच्या खिशाकडे गेला.

"मग मी चष्मा कुठे ठेवू?" तो म्हणाला.

कुणी हसलं नाही. मी खोक्यातून एक आरपार पिशवी काढली आणि त्याच्यापुढे धरली. तो तिच्याकडे बघत राहिला. आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच ऐकू आलं असावं. पिशवी त्याने घेतली नाही. मशीन जागेवर ठेवा, एवढंच म्हणाला आणि जिन्याने खाली गेला. आज सकाळी फलकावर ती सूचना नव्हती आणि खोकाही नव्हता.

मॅनेजर अजून मॅनेजरच आहे. पुढे काहीतरी काढेल. काढू दे, आम्हीही इथेच आहोत. तुझं गेलेलं काम मला परत आणता येणार नाही याचं वाईट वाटतं. पण तू केलेला ड्रेस रोज सकाळी मी अंगात घालते आणि दिवसभर तो कुणाच्याही कपाटात नसतो. पडदेवालीच्या गोळ्या तिच्या डाव्या खिशात आहेत. माझा चष्मा उजव्या खिशात, आत्ता नाकावर.

आणि हो, मॅनेजरच्या कोटाचे खालचे दोन खिसे अजून बंदच आहेत. आम्ही कुणीही त्याला सांगणार नाही.

वहिनी